बशीतला चहा: अजून कोण पितं?

आधण
मंडळी, गेल्या महिन्यात आम्ही चिंचवडमध्येच जुनं घर सोडून नव्या फ्लॅटमध्ये आलो. सामान लावताना आईची भांड्यांची पेटी उघडली आणि बश्या मोजल्या. १९. कप निघाले ७, त्यातल्या दोघांना कान नाहीत. बायकोचं म्हणणं, आपण सगळे मगातून पितो, बश्या कामवाल्या मावशींना देऊन टाकू. आई काहीच बोलली नाही, आणि आमच्याकडे आईने काही न बोलणं म्हणजे काय ते सांगायला नको.

माझे बाबा शेवटपर्यंत बशीतून प्यायचे. कपातला चहा बशीत अगदी काठापर्यंत ओतायचा, कपाचं बूड बशीच्या कडेला पुसायचं, मग डाव्या हाताची तीन बोटं बशीखाली, अंगठा कडेला. एक फुंकर. साय पलीकडे सरकली की अलीकडून फुर्रर्र. शर्टावर थेंब पडलेला मी कधी पाहिला नाही. मी हे करायला गेलो तर मनगटापर्यंत ओघळ येतो.

तर प्रश्न सरळ आहे. तुमच्याकडे अजून बशीतून कोण पितं? आणि १९ बश्यांचं मी काय करू?

खडूस_सदाशिवपेठी
१९ बश्या, ७ कप. बाकीचे १२ कप कुणी फोडले, हा खरा धागा आहे.

आधण
@खडूस, ९ माझ्या नावावर आहेत. उरलेल्या तिघांबद्दल आईला विचारायची हिंमत नाही.

गवती_चहा
रोमातून (नुसतं वाचणाऱ्यांतून) बाहेर आले खास या धाग्यासाठी. आमच्याकडे रत्नागिरीला आजी कोरा चहा प्यायची, गूळ आणि परसातली गवती चहाची दोन पाती. घरात म्हैस होती, तरी कोरा. दूध मुलांना आणि वरवा (रतीब) बांधलेल्यांना, म्हाताऱ्यांनी कोरा घ्यायचा असा तिचा नियम. तिची पितळेची खोलगट बशी होती, तिला ती 'थाळुली' म्हणायची. पहाटे चुलीपुढे बसून ती थाळुली दोन्ही हातांनी धरायची. थंडीत प्यायच्या आधी हात शेकून व्हायचे.

मी आता पनवेलला. कुंडीत गवती चहा लावलाय, पण पाती कापली की तो आंबटसर हिरवा वास येतो तेवढाच आठवणीपुरता. चहा मात्र मगात.

वऱ्हाडी_ठेचा
मग म्हणजे काय बे, बादलीच ती! आमच्या अमरावतीकडे मस्त चाय पिऊन राहिले सारे. बशी लागतेच. गरम चाय अन् घाईची बस, मंग बशीशिवाय इलाज काय?

डिकॉक्शन
माटुंग्यात लहानाचा मोठा झालेला मराठी माणूस आहे, त्यामुळे माझी गत वेगळी. शेजारी सगळे तमिळ. त्यांच्याकडे पेल्याखाली डबरा असतो, स्टीलचा, उभ्या काठाचा. कॉफी एका भांड्यातून दुसऱ्यात, हात वर नेत नेत ओतायची. फेस येतो, साखर विरघळते आणि तोंड न भाजण्याइतकी निवते. तर आधणराव, बशी संपलेली नाही, मद्रासी लोकांनी तिला फक्त काठ लावला.

बाकी आपल्या लोकांची कॉफी म्हणजे... जाऊ दे. दुधात चमचाभर पूड, चार चमचे साखर आणि वर जायफळ. ही कॉफी नाही, खिरीची धाकटी बहीण आहे.

काळी_चिमणी
@डिकॉक्शन, जायफळाच्या कॉफीला नावं ठेवलीत म्हणून निषेध. आमच्याकडे कॉफी रोज नसायची म्हणून तर तिचं कौतुक. गणपतीत रात्री भजन संपलं की, मुलगी बघायला मंडळी आली की, किंवा परीक्षेला रात्री जागायचं असलं की. आई सहाणेवर जायफळाचे चार वेढे द्यायची, मोजून. पाचवा दिला तर परीक्षार्थी झोपतो असं तिचं मत. बहिणीला बघायला आले तेव्हा आईने बहुतेक सात दिले असावेत, कारण मुलाचे काका सोफ्यावर चक्क घोरायला लागले. लग्न जमलं. काका अजून त्या कॉफीची चौकशी करतात.

खडूस_सदाशिवपेठी
जायफळाने झोप आणि कॉफीने जाग. एकाच कपात फिर्यादी आणि आरोपी.

डिकॉक्शन
हाहाहा. बरं, चार वेढ्यांपर्यंत माफ. पण चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड) काढून टाका म्हणणाऱ्यांना आधीच सांगतो, माझ्याशी वाद घालू नका. पाव हिस्सा चिकोरी नसेल तर डिकॉक्शनला अंग येत नाही. आणि फिल्टर रात्रीच लावून ठेवायचा. सकाळी घाईत वरून दाबलं की खाली गाळ.

वऱ्हाडी_ठेचा
कॉफीवाले लई उडून राहिले म्हणून सांगतो. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती आमच्या चिखलदऱ्यात! इंग्रजांच्या काळापासूनची झाडं आहेत. आता बोला.

डिकॉक्शन
बोलतो काय, दंडवत घालतो. पुढच्या वेळी येताना पावशेर आणा.

बोरीबंदर
आजोबा लालबागला गिरणीत, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. मधल्या सुट्टीत गेटाबाहेर चहा. एक चहा दोघांत घ्यायचा, एकाला कप, दुसऱ्याला बशी. बशीवाल्याचा आधी संपायचा, कारण तो लगेच निवतो. त्यामुळे ज्याच्या साच्यावर बदलीवाला उभा असेल त्याला बशी, असा अलिखित करार. आजोबा म्हणायचे, "आमच्यात भांडण पगारावरून झालं, युनियनवरून झालं, बशीवरून कधी नाही." १९८२ च्या संपानंतर ते गावी गेले ते परत कामावर आलेच नाहीत. गावाला घरचं दूध, हवा तेवढा चहा, तरी शेवटपर्यंत अर्धाच प्यायचे. उरलेला कप तसाच ठेवून उठायचे. आजी वैतागायची, "हा कुणासाठी ठेवता?"

आणि इराण्याचं कुणी कसं लिहिलं नाही अजून? तिथे बशीत ओतायची गरजच नसायची. पोऱ्या एका हातात चार कप घेऊन यायचा आणि संगमरवरी टेबलावर असा आपटायचा की बशी आपोआप भरलेली. धोबीतलावच्या कयानीत (१९०४ पासूनचं दुकान) मी पहिल्यांदा 'पानी कम' (म्हणजे कडक चहा) ऐकलं, तेव्हा मला वाटलं पिण्याचं पाणी कमी आलंय.

गवती_चहा
@बोरीबंदर, त्या अर्ध्या कपाने आज ऑफिसात डोळ्यांत पाणी आणलंत. आता थोडं अवांतर विचारते. गुळाचा चहा हमखास फाटतो माझा. आजीचा कोरा होता म्हणून प्रश्नच नव्हता. दूध घातलं की नासकवणी. काय चुकतं?

पुडीवाला
@गवती_चहा, तुमचं काही चुकत नाही, गुळाचा स्वभावच तसा. गूळ थोडा आम्लधर्मी असतो, जुना झाला की जास्तच, आणि उकळत्या दुधात तो पडला की दूध फाटतं. पाणी, पत्ती, गूळ, आलं आधी चांगलं उकळा, गाळा, गॅस बंद करा. दूध वेगळं गरम करून वरून ओता. एकत्र झाल्यावर परत उकळी आणू नका. इतकंच.

आता नाव सांगूनच टाकलंय तर लिहितो. आमचं तालुक्याच्या गावी चहापत्तीचं दुकान होतं, आजोबांपासून. सुटी पत्ती, पुड्या बांधून. बारीक डस्ट रंगाला, जाड दाणा चवीला, आणि गिऱ्हाईक बघून दोन्हींचं प्रमाण. हॉटेलवाल्याला डस्ट जास्त, कारण त्याला एका चमच्यात वीस कप रंगवायचे असतात. मास्तरांच्या घरी दाणा जास्त. आजोबा चिमूट तळहातावर घेऊन त्यावर तोंडाची वाफ सोडायचे आणि हुंगायचे. तेवढ्यावर भाव ठरायचा.

बशीचं कारण माझ्या मते याच पत्तीत आहे. आपण जी गोळीदार पत्ती वापरतो ती सीटीसी, म्हणजे पान चिरडून, फाडून, गुंडाळून केलेली. ती यंत्रं १९३० च्या सुमारास आसामात निघाली. आख्ख्या पानाचा चहा गरम पाण्यात नुसता मुरवायचा असतो. गोळीदार पत्ती मात्र दूध-साखर घालून रटरट उकळली तरी दम सोडत नाही आणि स्वस्त पडते. म्हणजे आपला चहा कपात येतो तोच चुलीवरचा, धगधगता. साहेबाच्या किटलीतून येणारा चहा वाटेत निवतो, त्याला बशी कप ठेवायला पुरते. आपल्याला ती निववायला लागते. पसरट भांड्यात उष्णता लवकर जाते, एवढं साधं विज्ञान.

काळी_चिमणी
पुडीवाले, वेगळा धागा काढा! मी पहिली वाचक.

मीनल_डब्लिन
हसू नका, पण मी परवा इथे ऑफिसात बशीतून चहा प्यायले. आयर्लंडमध्ये चहाचं वेड आपल्याइतकंच आहे, माणशी खपात हे तुर्कांच्या मागोमाग. दिवसाला सहा-सहा मग रिचवतात, दूध घालून. पण उकळत नाहीत ना! पिशवी बुडवली, काढली, झालं. दोन वर्षं तो पांचट चहा घेतल्यावर मी घरून थर्मासमध्ये आल्याचा नेऊ लागले. तो इतका कढत की मीटिंगला उशीर व्हायला लागला. मग कँटीनमधली बशी घेतली. पहिला फुर्र झाला आणि आख्खं टेबल गप्प.

शेजारची साठीची बाई म्हणाली, माझी आजी अस्संच प्यायची, खेड्यात. आता आम्ही दोघी पितो. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा येतो.

शेवटचा_घोट
रशियातही हेच. बोरिस कुस्तोदिएव्ह या चित्रकाराचं १९१८ चं एक चित्र आहे, व्यापाऱ्याची बायको चहा पितेय. टेबलावर समोवार (चहाच्या पाण्याचं रशियन भांडं), कलिंगड, शेजारी मांजर, आणि बाईसाहेबांच्या पाच बोटांवर तोललेली बशी. आपल्या देशावरच्या एखाद्या देशमुखीण बाईंना रेशमी झगा घातलाय असं वाटतं.

इतिहासवेडा
चहाचा धागा निघाला आणि पंचहौदाचा उल्लेख नाही, असं कसं चालेल? ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला जमली, नंतर मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. रानडे होते, टिळक होते. काहींनी घेतला, काहींनी नुसता हातात धरला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी चहा घेणाऱ्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ मध्ये घेतलं आणि सुधारक मित्रांची नाराजी ओढवून घेतली. एका कपाची एवढी किंमत पुण्यात त्याआधी किंवा नंतर कुणी मोजली नसेल.

खडूस_सदाशिवपेठी
तेव्हापासूनच पुण्यात विचारतात, "चहा घेऊनच आला असाल ना?" आम्ही पाहुण्यांना प्रायश्चित्तापासून वाचवतो आणि लोक आम्हाला कंजूष म्हणतात.

माळावरचा
बरेच दिवस वाचतोय, लिहीत नव्हतो. वरची पोस्ट वाचून लिहावंसं वाटलं.

पंचहौदाची गोष्ट सगळे मजेनं सांगतात. आमच्याकडे चहाचं ग्रामण्य रोजचं होतं, त्याला प्रायश्चित्तही नव्हतं. माझ्या आज्याला बाजारगावच्या हॉटेलात आत जाता येत नव्हतं. मागच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात एक कानतुटका कप. तो आपण काढायचा, पोऱ्या वरून चहा ओतणार, बाहेर उकिडवं बसून प्यायचा, आपणच विसळायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच. बशी नव्हती. बशी आतल्यांना. १९५५ चा अस्पृश्यताविरोधी कायदा झाल्यावरही तो कोनाडा बरीच वर्षं तसाच होता, माझ्या वडिलांनी लहानपणी पाहिलेला.

वडील झेडपीत मास्तर झाले. पहिल्या पगारात सहा कप-बश्यांचा सेट आणला, पांढरा, कडेला सोनेरी रेघ. घरी माणूस कुणीही येवो, चहा त्याच सेटमध्ये. आणि आम्हा पोरांना सक्त ताकीद होती, बशीत ओतून फुर्र करायचं नाही. कप कानाला धरायचा, बशी खाली, पाठ ताठ. मी एकदा मित्राकडे बघून बशीत ओतला तर मला त्यांनी बाहेर घालवलं. तेव्हा राग आला होता.

तुमच्या सगळ्यांच्या बशीच्या आठवणी वाचताना छान वाटतं. माझी ही अशी आहे.

निशाचर
विषय हलकाफुलका होता, उगाच जड कशाला करायचा? चहात तरी जात नको.

बोरीबंदर
@निशाचर, चहात ती त्यांनी घातलेली नाही. कोनाडा कुणी बांधला होता ते परत वाचा.

काळी_चिमणी
+१ बोरीबंदर. @माळावरचा, तो सेट आहे का अजून?

माळावरचा
चार कप, पाच बश्या. शोकेसमध्ये. आईच्या भाषेत "साहेब आले तर". साहेब म्हणजे कोण, ते आम्ही अजून विचारतो.

इतिहासवेडा
माळावरचा, मी पंचहौद ही गोष्ट शंभरदा सांगितलीय, कायम हशा मिळवण्यासाठी. तुमची पोस्ट जपून ठेवतोय.

अप्पा_कोल्हापूर
आलो उशिरा, पण लिहिणार. भावांनो, चहाबरोबर काय खाता ते कुणीच सांगत नाही! शिळी चपाती गुंडाळी करून चहात बुडवायची. बुडवायला कप अपुरा, बशीच पाहिजे. बुडाली की लगेच तोंडात, नाहीतर तुकडा बशीत गळतो आणि मग चमचा शोधा. रात्रीची चपाती असेल तरच मजा, ताजी लगेच पेंद होते. आमच्या मळ्यात सकाळी सातला हाच नाष्टा. आम्ही कोल्हापूरची माणसं, दूध पिणारी. चहा हे फक्त चपातीचं निमित्त.

गवती_चहा
चहा-चपाती!! आज रात्री मुद्दाम दोन जास्त लाटणार. नवरोबा विचारतील कशाला, तर सांगणार धाग्यासाठी. (पुडीवाले, गुळाचा चहा जमला. पहिल्यांदा न फाटता. सासूबाईंनी दुसरा कप मागितला, ही बातमी पेपरात यायला हवी.)

पुडीवाला
शाब्बास. आता पत्ती अर्धा चमचा वाढवून बघा, गुळाला जरा कडक लागते.

निशाचर
मी वर जे लिहिलं ते घाईत लिहिलं. क्षमस्व, माळावरचा.

बाकी मी रात्रपाळीवाला, कंपनीच्या गेटासमोरची टपरी, कागदी कप. कागदी कपाला बशी नसते आणि दोन मिनिटांत बूड मऊ पडतं. चटका बसू नये म्हणून कपात कप घालून घेतो. माझ्या पिढीची बशी ही.

वऱ्हाडी_ठेचा
आधणभाऊ कुठी गेले? धागा काढून चाय टाकायला गेले का काय?

आधण
इथेच आहे, सगळं वाचत होतो. काल धीर करून आईला सरळच विचारलं, बश्यांचं काय करू. बोरीबंदरच्या आजोबांची गोष्टही वाचून दाखवली, वाटलं तीही बाबांचं काही सांगेल.

आई म्हणाली, "देऊन टाक की. माझा हात थरथरतो, वर्षभर झालं मला बशी उचलवत नाही. मी मगातूनच पितेय, तू बघितलं नाहीस? तू पेटीतून काढून मोजत बसलास म्हणून मी गप्प बसले. मला वाटलं, तुलाच हव्यात."

मी खरंच बघितलं नव्हतं. रोज सकाळी आम्ही समोरासमोर बसून पितो.

तर १७ बश्या मावशींना दिल्या. त्यांनी आधी विचारलं, "कप कुठायत?" दोन ठेवल्यात. आज एकीत ओतून बघितला, फुंकर मारली. ओघळ कोपरापर्यंत गेला. आईने टॉवेल दिला आणि म्हणाली, "अंगठा आत घालू नकोस, कडेला धर."

अप्पा_कोल्हापूर
चपातीनं टिपून घ्यायचा होता ना!

खडूस_सदाशिवपेठी
दोनच ठेवल्यात? आणि आम्ही आलो तर?

आधण
घेऊनच आला असाल ना?